न वाचलेल्या पुस्तकाचं परीक्षण

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०१५पासून तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतही होतो. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी एक पुस्तक वाचायचं, त्यावर मराठीत दोन पानं लिहायची आणि त्यातली निवडक पानं व्हरांड्यातल्या फलकावर लावायची. हे काम माझ्याकडे असतं, कारण मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. खरं सांगते, त्या गठ्ठ्यात वाचण्यासारखं फार थोडं असतं. ‘लेखकाची भाषा ओघवती आहे.’ ‘या पुस्तकातून आपल्याला चांगला बोध मिळतो.’ ‘सर्वांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.’ चाळीस वह्यांत हीच तीन वाक्यं. दोष मुलांचा नाही. बी.एड.ला असताना पुस्तक परीक्षणाचे जे मुद्दे मी पाठ केले होते, तेच मी त्यांना लिहून दिले आणि त्यांनी ते मला परत केले.

तीन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने दोनाऐवजी चार पानं लिहिली. पुस्तक होतं हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद, मामेबहिणीकडून मागून आणलेला. तिच्या लिखाणात हॅरीची मावशी आणि तिचा नवरा हे ‘खाला’ आणि ‘खालू’ झाले होते. हॅरीच्या नावाने पत्र येतं आणि ते खालूच आधी वाचतात, मग पत्रांवर पत्रं येत राहतात तरी त्याला एकही मिळू देत नाहीत, यावर तिने अख्खं पान लिहिलं होतं. ‘पत्र ज्याच्या नावाचं त्याने ते वाचायचं की नाही?’ असा तिचा सवाल. दुसरी तक्रार अशी की सगळ्यात जास्त अभ्यास हर्मायनीचा, आणि पुस्तकावर नाव मात्र मुलाचं. आणि शेवटच्या पानावर तो आरसा. ज्यात बघणाऱ्याला मनातली सगळ्यात खोल इच्छा दिसते तो. अनाथ हॅरीला त्यात आई-वडील दिसतात. हिचे अब्बू सहा वर्षं सौदीत. तिने लिहिलं होतं, ‘मी त्या आरशासमोर उभी राहिले असते तर मला अब्बू दस्तरख्वानावर बसलेले दिसले असते आणि मी पण तिथून उठले नसते.’

बावीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं ते सर्वात चांगलं परीक्षण. मी ते फलकाच्या मधोमध लावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेशी संबंधित एक वडीलधारे गृहस्थ आले. फलकासमोर उभे राहिले. मला बोलावून म्हणाले, “आपा, ये जादूटोने की किताबें बच्चियों को कौन देता है?” आवाज चढा नव्हता. माणूस वाईट नाही, शाळेच्या छतासाठी वणवण करून पैसे जमवलेला माणूस आहे. मी विचारायला हवं होतं की तुम्ही पुस्तक वाचलंय का. विचारलं नाही, कारण मीही वाचलेलं नव्हतं. मी टाचण्या काढल्या, पानं काढली आणि मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या हातात दिली. “बेटा, हे पुस्तक आपल्यासाठी बरोबर नाही,” असं काहीतरी म्हणाले.

ती म्हणाली, “आपा, पढे क्या तुमे वो किताब?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे, आणि उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली.

ते पुस्तक मी दिवाळीच्या सुट्टीत वाचलं. चार दिवस लागले. नंतर त्या वाटेने बरंच पुढे गेले. ज्याला इंग्रजीत यंग अ‍ॅडल्ट म्हणतात, म्हणजे बारा-तेरा ते अठरा वयासाठीच्या कादंबऱ्या, जादूच्या, जिन्नांच्या, प्रेमाच्या, त्या मी वाचत गेले. कॉलेजात जाणाऱ्या भाचीने तिच्या टॅबवर निम्म्याअधिक दिल्या. त्यात टाकाऊ पुष्कळ आहे. पण आपल्या घरांत, मदरशांत आणि शाळांत या पुस्तकांबद्दल जे बोललं जातं ते पुस्तकं न उघडताच बोललं जातं, एवढं मला पक्कं कळलं आहे.

आधी जादूचं बघू. सिहर करणं हराम आहे, यावर वाद नाही. पण जादूची गोष्ट सांगणं म्हणजे जादू करणं, हे कुठून आलं? मूसा अलैहिस्सलाम आणि फिरऔनचे जादूगार यांचा किस्सा खुद्द कुरआनात आहे. सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या ताब्यातले जिन्न आहेत. आणि आपण ज्या जबानचा अभिमान सांगतो त्या उर्दूचं काय? ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३पासून लखनौच्या नवल किशोर प्रेसने छापायला सुरुवात केली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. हजारो पानं, आणि पानोपानी जादूगार. बादशहा अफरासियाब जादू, त्याच्या तिलिस्मी नगऱ्या, आणि त्यांच्याशी लढणारी फौज कोणाची? अमीर हमजाची. म्हणजे ज्या दास्तानचा नायक पैगंबरांच्या चुलत्यांच्या नावाचा, तिच्यात ही सगळी जादू. अमर अय्यारकडे एक झंबील आहे जिच्यात काहीही मावतं, आणि एक गिलीम आहे जी अंगावर घेतली की तो कोणाला दिसत नाही. हॅरीला पहिल्याच भागात जो अदृश्य करणारा झगा मिळतो, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी आजोबांच्या कपाटातली गिलीम बघावी. ही दास्तान अकबराने चितारून घेतली तेव्हा सुमारे चौदाशे चित्रं झाली होती. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणल्या आणि कित्येक मराठी घरांत जिन्न पहिल्यांदा आला तो या पुस्तकातून. अद्भुत गोष्टींचं हे घराणं आपलं आहे. आज आपल्याच मुलीने त्याचा लांबचा इंग्रज भाऊबंद वाचला तर आपण दचकतो.

मनाई तशी नवी नाही, आणि फक्त आपल्याकडची तर नाहीच. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दहा वर्षांत ज्या पुस्तकांवर सर्वात जास्त हरकती आल्या त्यांत हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर होतं. हरकती घेणाऱ्यांत धर्मनिष्ठ ख्रिस्ती पालक पुष्कळ होते. आपल्याकडे मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये बायकांनी कोणती पुस्तकं वाचू नयेत याची यादीच दिली आहे. हे पुस्तक माझ्या आईच्या रुखवतात होतं, माझ्याही. त्या यादीत दास्तान-ए-अमीर हमजा आहे, अलिफ लैला आहे, गुलबकावली आहे. आणि नजीर अहमद यांचं ‘मिरातुल उरूस’ही आहे. हे १८६९चं पुस्तक त्यांनी स्वतःच्या मुलींना वाचता यावं म्हणून लिहिलं होतं. घर नेकीने कसं चालवावं हे शिकवणारी अकबरी-असगरीची गोष्ट. तीसुद्धा सुटली नाही.

पण इथे थानवी साहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मीही न वाचता बोलणाऱ्यांतलीच होईन. नजीर अहमदांच्या पुस्तकांबद्दल त्यांनी नुसतं ‘नको’ म्हटलेलं नाही. यात शहाणपणाच्या, सलीक्याच्या गोष्टीही आहेत, पण ईमान कमजोर करणारंही काही आहे, असा त्यांचा निर्णय आहे. मला तो मान्य नाही. पण ते परीक्षण आहे. पुस्तकात काय आहे याची दखल घेऊन, जमेची बाजू मांडून, मग नापास केलेलं. शंभर वर्षांपूर्वी मनाई करणाऱ्या आलिमने जेवढी तोशीस घेतली, तेवढी आज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ये नॉवेल्स हमारी बच्चियों को बर्बाद कर रहे हैं’ हा मेसेज पुढे ढकलणारा घेत नाही. व्हरांड्यात टाचण्या काढणाऱ्या मास्तरणीनेही घेतली नव्हती.

एवढं वाचून आपल्यातले इंग्रजी शिकलेले तरुण खूश होतील. बघा, जुन्या लोकांची कशी खोड काढली. थांबा जरा. तुमच्या जगातलंही एक प्रकरण आहे.

अमेरिकेत ‘कर्कस रिव्ह्यूज’ नावाचं परीक्षणांचं जुनं नियतकालिक आहे, १९३३पासूनचं. कोणती पुस्तकं घ्यायची हे ठरवताना तिथले ग्रंथपाल ते बघतात. ज्या पुस्तकाच्या परीक्षणाला तिथे तारा मिळतो त्याची विक्री वाढते. ऑक्टोबर २०१७मध्ये त्यांनी लॉरा मोरिआर्टी यांच्या ‘अमेरिकन हार्ट’ या किशोरांसाठीच्या कादंबरीला तारा दिला. कादंबरीतली कल्पना अशी की नजीकच्या भविष्यात अमेरिकेतल्या मुसलमानांना नेवाडातल्या छावण्यांत डांबलं जातंय. सारा-मेरी नावाची पंधरा वर्षांची गोरी मुलगी, जिला यात काहीच गैर वाटत नव्हतं, ती एका मूळच्या इराणी मुस्लिम बाईला कॅनडाच्या दिशेने पळून जायला मदत करते आणि वाटेत तिचे डोळे उघडतात. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनचा सांगाडा सरळ दिसतो.

पुस्तक बाजारात यायला अजून काही महिने होते. पण इंटरनेटवर गदारोळ सुरू झाला. गोऱ्या तारणहाराची गोष्ट, मुसलमानांच्या दुःखावर गोऱ्या मुलीची प्रगती, वगैरे. काहींच्या हाती आगाऊ प्रती असतील, पण ओरडणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या हाती गोषवाऱ्यापलीकडे काय असणार? कर्कसने परीक्षण उतरवलं. काही दिवसांनी बदललेलं परीक्षण आलं आणि तारा गेला. मुस्लिम पात्र गोऱ्या मुलीच्या नजरेतून दाखवलंय म्हणूनच तारा काढला, हे संपादकांनी मुलाखतीत कबूल केलं.

आता यातली खरी गोष्ट. ते मूळ परीक्षण लिहिणारी व्यक्ती मुसलमान होती. धर्म पाळणारी. कर्कसने मुद्दाम अशी परीक्षक निवडली होती, कारण कोणाच्या जगाबद्दल पुस्तक आहे त्या जगातल्या माणसाने ते तपासावं असं त्यांचं धोरण होतं, आणि ते चांगलंच आहे. म्हणजे त्या सगळ्या गोंधळात एक मुसलमान बाई होती जिने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि चांगलं आहे म्हणाली. संपादकांचं म्हणणं की मजकूर बदलण्यात तिचाही सहभाग होता. असेल. माझ्याही विद्यार्थिनीने ती चार पानं मुकाट्याने परत घेतलीच होती, त्याला कोणी सहभाग म्हणू शकेल. मुसलमानांच्या वतीने बोलणाऱ्यांना वाचलेल्या मुसलमान बाईचं मत चाललं नाही. तिचं मत कसं असायला हवं होतं हे इतरांनी ठरवलं. सोलापूरच्या व्हरांड्यात जे झालं ते हेच. दाढी आणि भाषा तेवढी वेगळी.

‘अमेरिकन हार्ट’ मी नंतर वाचलं. माझा तारा मी दिला नसता. सारा-मेरी जिवंत आहे, तिचा हट्टीपणा, लहान भावावरचा जीव सगळं खरं वाटतं. सोबतची सदफ मात्र फार शहाणी, फार संयमी. चुकीची माणसं भेटूनही तिचा तोल ढळत नाही. मुसलमान बाई चांगली आहे हे दाखवायला तिला फरिश्ता करावं लागलं, हा मला पुस्तकाचा दोष वाटतो. पण हे मला दोनशे-तीनशे पानं वाचल्यावर कळलं आणि ओरडणारे जे म्हणत होते त्यापेक्षा ते वेगळं आहे. सतरा वर्षांची एखादी अमेरिकन मुलगी हे वाचून शेजारच्या हिजाबवालीकडे दोन मिनिटं नीट बघेल, हेही खोटं नाही.

आता आपल्या मुली खरोखर काय वाचतात त्याकडे येऊ. हॅरी पॉटर वाचणारी एखादीच. बाकीच्यांच्या फोनमध्ये उर्दू नॉवेलच्या पीडीएफ असतात, बहुतेक पाकिस्तानी. मी त्यांच्या वयाची असताना ‘खातून-ए-मशरिक’चे अंक गादीखाली ठेवायचे, त्यामुळे मला लपवण्याच्या जागा माहीत आहेत. उमेरा अहमद यांचं ‘पीर-ए-कामिल’, नम्रा अहमद यांचं ‘जन्नत के पत्ते’. ही पुस्तकं आया मुलींना स्वतःहून देतात. का? कारण त्यांत नमाज आहे, हिजाब आहे, तौबा आहे. नायक आधी बिघडलेला, मग सुधारलेला. यांचं परीक्षण कोणी करत नाही. वर दीनचं वेष्टन असलं की आत काय आहे हे बघायची गरज उरत नाही.

‘पीर-ए-कामिल’ २००४चं. उर्दू वाचणाऱ्या जगात त्याच्याइतकी गाजलेली पुस्तकं थोडी. मी ते दोनदा वाचलंय, दुसऱ्यांदा परीक्षक म्हणून. लेखिकेची पकड जबरदस्त आहे, पहाटे तीनपर्यंत खाली ठेववत नाही. इमामा घर सोडते तिथे माझ्याही पोटात खड्डा पडला. पण सालार तिच्याशी सुरुवातीला ज्या निष्ठुरपणे, खेळ म्हणून वागतो त्याचा हिशेब पुढे तो अल्लाहशी चुकता करतो. इमामाशी कधी आणि किती करतो? वर्गातल्या मुलींना हे विचारलं तर त्या गप्प झाल्या. एक म्हणाली, “आपा, वो तो नमाजी हो गया ना.” पंधरा वर्षांच्या मुलीला कादंबरीतून असं वाटू लागलं की नमाजी झालेल्या पुरुषाने बाईची माफी मागायची राहिली तरी चालते, तर ते मला अदृश्य करणाऱ्या झग्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

आणखी एक. इमामा अहमदी घराण्यातली. ती तो पंथ सोडते, आणि कादंबरीच्या लेखी ती अंधारातून उजेडात येते. हे एखादी अहमदी मुलगी वाचत असेल तर तिला काय वाटेल? हा प्रश्न ऐकून स्टाफरूममधल्या दोन मैत्रिणी माझ्यावर नाराज झाल्या. अकीद्याबद्दल मी बोलत नाहीये, तो ज्याचा त्याचा. मी नजरेबद्दल बोलतेय. गोऱ्या मुलीच्या नजरेतून मुसलमान दिसतो म्हणून आपण चिडतो, आणि आपल्या लाडक्या कादंबरीत दुसऱ्या कोणाचं घर आपल्या नजरेतून दिसतं तेव्हा ते आपल्या लक्षातही येत नाही. ही कादंबरी वाचू नका असं मी म्हणणार नाही. वाचा, आणि हे विचारा.

मग काहीही द्यायचं का मुलींच्या हातात? नाही. साराह जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५मध्ये किशोरांच्या विभागात आली होती. २०२०मध्ये नव्या मुखपृष्ठांसह ती प्रौढांच्या विभागात गेली, आणि बरंच झालं. आपल्याकडे ती आजही फुटपाथवर मुलांच्या पुस्तकांशेजारी मिळते. ती मी नववीच्या मुलीला देणार नाही, आणि का देणार नाही हे मी तिच्या आईला प्रकरणनिहाय सांगू शकते. याउलट एस. के. अली यांचं ‘लव्ह फ्रॉम ए टू झेड’ मी डोळे मिटून देईन. त्यातली झैनब वर्गातल्या मुस्लिमद्वेष्ट्या शिक्षकाला भिडून निलंबित होते, दोह्याला मावशीकडे जाते, तिथे अ‍ॅडम भेटतो. प्रेम आहे, ओढ आहे, आणि दोघांना आपल्या मर्यादा ठाऊक आहेत. झैनबचा राग तर मला फार आवडला, सदफला तो मिळायला हवा होता. ते पुस्तक इंग्रजीत अडकून पडलंय याचं वाईट वाटतं. कोणी मराठीत किंवा उर्दूत आणेल का?

त्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलं. दिवाळीनंतर मी तिच्याकडे ती चार पानं मागितली. म्हटलं, मी वाचलं पुस्तक, आपण ती पुन्हा लावू. ती म्हणाली, “फाड दी आपा.” चेहऱ्यावर राग नव्हता. पुढच्या वर्षी दहावीत तिने वाचन प्रेरणा दिनाला एका थोर पुरुषाच्या चरित्राबद्दल लिहिलं. बरोबर दोन पानं. लेखकाची भाषा ओघवती आहे, चांगला बोध मिळतो, सर्वांनी अवश्य वाचावे. मी त्यावर लाल पेनने ‘छान’ लिहिलं, कारण मुद्द्यांप्रमाणे ते छानच होतं.

मुद्द्यांचा तो कागद मी गेल्या आठवड्यात फाडला. यंदाच्या १५ ऑक्टोबरला फलकावरचं पहिलं पान माझं असेल, हॅरी पॉटरवर, खाली माझं नाव आणि हुद्दा. खालूंच्या पत्रांबद्दल मी लिहिणार नाही, तो मुद्दा तिचा आहे. ते वडीलधारे गृहस्थ आले तर त्यांच्यासाठी मराठी अनुवादाची एक प्रत टेबलावर काढून ठेवली आहे. चष्मा ते खिशात घेऊनच फिरतात.